फायनल इयर गेले की गटाचे काम पुन्हा पहिल्यापासून: माझा अनुभव

आपण लिहिले आहे की, आपला विद्यार्थ्यांचा सल्लागार गट दरवर्षी लहान उद्योगांसाठी काम करतो, पण मागच्या वर्षीच्या कामातले काहीच नव्यांच्या हाती लागत नाही आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर "छान झाले" यापलीकडे कोणी काही लिहीत नाही. बेळगावात अभियांत्रिकी शिकताना मीही अशाच गटात होतो, म्हणून सविस्तर लिहितो. बैठका किती घ्याव्यात, फॉर्ममध्ये काय विचारावे, हे आपणांस ठाऊक असेलच.

आमचे सर्वांत मोठे नुकसान एका खात्यामुळे झाले. भेटींची टिपणे, रिजेक्शनचे म्हणजे सदोष म्हणून नाकारलेल्या मालाचे तक्ते, मालकांशी झालेला पत्रव्यवहार हे सारे फायनल इयरच्या एका दादांच्या, महाविद्यालयाने दिलेल्या ईमेल खात्यावर होते आणि त्यात कोणालाच काही गैर वाटले नव्हते. निकाल लागल्यावर ते खाते बंद झाले. कार्यालयात गेलो तर अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला तर विभागप्रमुखांची सही आणा म्हणाले. सही आणली तेव्हा, ज्याचे खाते त्यानेच अर्ज करायला हवा, असे सांगण्यात आले. दादा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेले होते. त्यांचा अर्ज येईपर्यंत फायली कायमच्या पुसल्या गेल्या होत्या. पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला असता तर कदाचित वाचल्याही असत्या. हा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर आम्ही बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गेलो आणि मागच्या गटाने विचारलेलेच प्रश्न पुन्हा विचारले. मालकांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "हे सगळं गेल्या वर्षीच्या पोरांना सांगितलंय की. तुमचं तुमच्यात बोलणं होत नाही काय?" पुढे त्यांनी आम्हाला बोलावले नाही. आकडे पुन्हा मिळाले असते, पण तिथल्या एका जुन्या मोल्डरने, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या कामगाराने, मागच्या गटाला, पावसाळ्यात वाळूत ओल राहिली की ब्लोहोल (ओतीव मालातली वायूची छिद्रे) वाढतात आणि आपल्याकडे नेमके तेव्हाच वाळू तपासायला कोणाला सवड नसते, असे अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत सांगितले होते, हे मला दादांकडून फोनवर कळले. इंग्रजी अहवालात ते आलेच नव्हते, कारण त्यासाठी रकाना नव्हता. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की, कारखान्यातला माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत टिपण लिहावे आणि अहवालाबरोबर कच्ची टिपणेही जपावीत.

अभिप्रायाबद्दल माझे मत कदाचित एकांगी वाटेल. आपल्याकडे एक वर्ष पुढे असलेला प्रत्येक जण दादा नाहीतर ताई असतो आणि त्यांची चूक तोंडावर दाखवणे उद्धटपणाचे मानले जाते. निनावी फॉर्मनेही हे सुटत नाही, कारण पाच जणांच्या गटात वाक्यावरूनच माणूस ओळखू येतो. अमेरिकी सैन्यात १९७० च्या दशकात सुरू झालेली चार प्रश्नांची पद्धत आम्ही पुढे वापरली: काय ठरले होते, काय घडले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचे. भेटीहून परतल्यावर त्याच दिवशी पंधरा मिनिटे बसायचे, सर्वांत नव्या सभासदाने आधी बोलायचे आणि दादा-ताईंनी शेवटी. पहिल्या दोन बैठकांत नवे गप्पच राहिले. तिसऱ्या वेळी एकीने, "तुम्ही मालकांना बोलूच दिले नाही," असे थेट सांगितले.

हस्तांतरण सातव्या सत्रातच उरकावे, कारण आठव्यात बरेच जण प्रोजेक्ट नाहीतर इंटर्नशिपसाठी गावाबाहेर असतात. निदान दोन भेटींना तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सोबत न्यावे. फायलींचे खाते गटाच्या नावाने काढून त्याचा ताबा एका प्राध्यापकांकडे आणि एका तिसऱ्या वर्षाच्या सभासदाकडे ठेवावा. अर्थात आपल्या महाविद्यालयाचे नियम वेगळे असू शकतात, ते लेखी विचारून घ्या. मालकांचे आकडे साठवण्यापूर्वी त्यांची परवानगीही हवी. एका कारखान्याचा रिजेक्शनचा आकडा शेजारच्या कारखान्यात पोहोचला, तर उद्यमबागेत कोणीही दारात उभे करणार नाही.

सध्या सगळे कोणाच्या खात्यावर आहे, हे मात्र या आठवड्यातच पाहा आणि निकालाआधी प्रती काढून घ्या.