भागीदार गेला, कार्ड मात्र त्याच्याच खिशात

प्रश्न : पुण्यात नऱ्ह्याला माझे पावडर कोटिंगचे छोटे युनिट आहे. मी आणि माझा मित्र निम्म्या भागीदारीत ते चालवत होतो. भागीदारीपत्र स्टॅम्प पेपरवर केले, पण फर्म रजिस्टर केली नाही. एका खासगी बँकेकडून फर्मच्या नावे बिझनेस क्रेडिट कार्ड घेतले. अर्जावर दोघांच्या सह्या आहेत. एक कार्ड माझ्याकडे, एक अ‍ॅड-ऑन (त्याच खात्यावरचे जोडकार्ड) त्याच्याकडे. गेल्या दिवाळीत आमचे बिनसले. ‘मी आता यात नाही, माझे तीन लाख भांडवल परत कर’ असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला आणि तो यायचा बंद झाला. कार्ड मात्र वापरत राहिला. पेट्रोल, विमानाची तिकिटे, महागडा मोबाइल असे मिळून १ लाख ६२ हजार. १४ जानेवारीला मी बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरला मेसेज केला, ‘पार्टनर गेला आहे, त्याचे कार्ड बंद करा.’ ‘बघतो सर’ एवढेच उत्तर आले. मार्चपर्यंत मी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत होतो. मग खर्च माझा नाही म्हणून भरणे थांबवले. आता बँक १ लाख ९१ हजार मागते आहे, वसुलीवाले माझ्या सासऱ्यांना फोन करतात आणि नव्या ओव्हनचे कर्ज सिबिलमुळे अडले आहे. त्याने उडवलेले पैसे मी का भरायचे? आणि धंद्यासाठी आता स्वतःच्या नावावर कार्ड घेऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रात सगळे आहे, पण ते अ‍ॅड-ऑन कार्ड आज बंद आहे की चालू, हे कुठेच नाही. चालू असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा कस्टमर केअरला फोन करून ते ब्लॉक करा. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि लगेच बँकेच्या अधिकृत ईमेलवर लेखी कळवा: अमुक व्यक्तीचा आता फर्मशी संबंध नाही, त्यांचे कार्ड बंद करावे, यापुढच्या व्यवहारांची जबाबदारी फर्म घेणार नाही. लेखी सूचना पोचल्यानंतर बँकेने व्यवहार होऊ दिला तर त्याचा जाब बँकेला विचारता येतो. त्याआधीच्या व्यवहारांबद्दल तुमची बाजू बरीच लंगडी आहे.

ती का लंगडी आहे, ते सांगतो. तुमच्यासमोर दोन भांडणे आहेत आणि तुम्ही ती एकच धरून चालला आहात. एक तुमचे आणि बँकेचे, दुसरे तुमचे आणि मित्राचे. खर्च कोणी केला हा प्रश्न दुसऱ्या भांडणातला आहे. बँकेपुरता प्रश्न एवढाच, की कार्ड कोणाच्या मागणीवरून दिले आणि करारावर सही कोणाची. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागू शकते, त्याच्याकडूनही मागू शकते. जो पत्त्यावर सापडतो आणि ज्याला उद्या कर्ज हवे आहे, त्याच्याकडे ती आधी जाते. तो तुम्ही आहात.

‘पण तो तर दिवाळीतच बाहेर पडला होता,’ असे तुम्ही म्हणाल. तुम्ही दोघेच भागीदार होता. दोनातला एक गेला की मागे एकटा माणूस उरतो आणि एकट्याची भागीदारी नसते, फर्मच संपते. भागीदारीपत्रात मुदत ठरलेली नसेल आणि फर्म कशी संपवायची हेही लिहिलेले नसेल, तर कलम ४३ खाली एका भागीदाराच्या लेखी नोटिशीने ती विसर्जित होते. त्याचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज हीच ती नोटीस, असे मांडता येईल. म्हणून तो मेसेज, फोन नंबर आणि तारीख दिसेल असा, जपून ठेवा. मात्र फर्म संपली हे जगाला कळवावे लागते. कलम ४५ नुसार जाहीर नोटीस निघेपर्यंत एका भागीदाराच्या कृत्याची जबाबदारी बाहेरच्यांच्या बाबतीत दुसऱ्यावरही राहते. जाहीर नोटीस म्हणजे सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका मराठी वर्तमानपत्रात प्रसिद्धी. ती तुम्ही दिलेली नाही. आता द्या; उशीर झाला तरी पुढचे दार बंद होते.

हे व्यवहार ‘फ्रॉड’ म्हणून नोंदवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक आहे: त्रयस्थ माणसाने बँकेची वा तुमची चूक नसताना पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. पण तुमचा मित्र त्रयस्थ नाही. कार्ड त्याला तुमच्याच सहीने मिळाले, पिन त्याचा, वापर त्याचा. खोट्या तक्रारीने तुमच्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाते.

खरा मुद्दा १४ जानेवारीचा आहे. स्टेटमेंटच्या प्रती घ्या, पट्टी ठेवून १४ जानेवारीपाशी रेघ मारा. त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक व्यवहारापुढे तारीख आणि रक्कम लिहा आणि बेरीज करा. रेघेच्या वरची रक्कम भरावी लागेल. खालच्या रकमेबद्दल तुम्ही म्हणू शकता की बँकेच्या अधिकाऱ्याला मी कळवले होते, त्याने ‘बघतो’ म्हटले आणि बँकेने काही केले नाही. मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅपला लेखी सूचना मानायची की नाही यावर बँक वाद घालेल, त्यामुळे हमखास जिंकाल असे मी म्हणणार नाही. पण मांडण्यासारखा मुद्दा आहे, आणि मला तो रास्तही वाटतो.

तो मांडायचा कसा? आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी. सोबत अर्जाची आणि कराराची प्रत मागा. तुम्ही वैयक्तिक हमी दिली आहे का, ते त्यातच कळेल. १ लाख ९१ हजारांची फोडही मागा: मुद्दल किती, व्याज किती, उशिराचा दंड किती, जीएसटी किती. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, आणि उशिराचा दंड देय तारखेनंतर थकलेल्या रकमेवरच बसतो. ही फोड तपासताना कधीकधी दोन-चार हजार तिथेच सुटतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही. आणि ती तुम्ही स्वतः करायची. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत. ग्राहक आयोगात जायचा विचार असेल तर तो सोडा. धंद्यासाठी बँकेची सेवा घेणारा हा ‘ग्राहक’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात म्हटले. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण फर्मच्या कार्डाला त्यात बसवताना वर्षे जातील आणि व्याज चालूच राहील.

हे व्याजच तुमचा खरा शत्रू आहे. दर दरमहा साडेतीन टक्के आणि मिनिमम ड्यू पाच टक्के धरू. १ लाख ६२ हजारांवर महिन्याचे व्याज ५,६७०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०२१, झाले ६,६९१. मिनिमम ड्यू ८,१००. म्हणजे एवढे भरूनही मुद्दलातून जेमतेम चौदाशे वजा. शिवाय पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटते. वर्षाचे ते ४२ टक्के आहेत. एवढे व्याज अन्यायाचे म्हणून कोर्टात जावे, तर तीही वाट आता नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली तीस टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: वादातली रक्कम बाजूला ठेवून उरलेले बँकेचे देणे आधी मिटवा. एकदम जमत नसेल तर ते ईएमआयमध्ये बदलून मागा, किंवा ज्या सहकारी बँकेत तुमचे खाते आहे तिथून कमी दराचे कर्ज काढून फेडा. वसुलीवाला ‘निम्म्यात सेटल करून टाका’ म्हणेल. मोह होईल, पण मग सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि तुम्हाला ओव्हनचे कर्ज हवे आहे. पूर्ण फेडा, ‘नो ड्यूज’चे पत्र घ्या आणि कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसताना बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत. फेड झाल्यावरही सिबिलमध्ये चुकीची नोंद राहिली तर दुरुस्तीसाठी अर्ज करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळते.

सासऱ्यांना जाणारे फोन तुम्ही निमूट सहन करू नका. देणे असणे वेगळे आणि नातेवाइकांसमोर अब्रू काढणे वेगळे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे, आणि एजंटाच्या वागण्याला बँकच जबाबदार असते. सासऱ्यांच्या फोनमधल्या कॉल लॉगचे स्क्रीनशॉट घ्या आणि बँकेला लिहिताना ही तक्रार स्वतंत्र करा, खर्चाच्या वादात मिसळू नका. धमकी किंवा शिवीगाळ झाली तर सरळ पोलिस ठाण्यात जा.

आता मित्र. त्याच्यावर गुन्हा दाखल करता येईल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणार. भागीदाराने भागीदारीचा पैसा स्वतःसाठी वापरला एवढ्यावरून फौजदारी विश्वासघात होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेलजी राघवजी पटेल खटल्यात फार पूर्वीच सांगितले आहे. पोलिस तुम्हाला दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. तुमचे खरे बळ त्याच्याच मागणीत आहे. त्याला तीन लाख हवे आहेत. कलम ४८ मध्ये फर्म मिटवतानाचा क्रम ठरलेला आहे: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली उसनवारी, मग भांडवल. म्हणजे कार्डाचे देणे फिटल्याशिवाय त्याच्या भांडवलाचा विषयच येत नाही, आणि त्याचा खासगी खर्च त्याच्या खात्यावर टाकूनच हिशेब होईल. तुमच्या सीएकडून दिवाळीच्या तारखेचा ताळेबंद करून घ्या. त्याच्या नावे १ लाख ६२ हजार, त्यावरचे व्याज आणि दंड लिहा आणि हिशेब स्पीड पोस्टने वकिलाच्या नोटिशीसह पाठवा. बरीच भांडणे हा कागद समोर आल्यावर बसून मिटतात. मध्यस्थ हवा असेल तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीही अर्ज करता येतो.

नाहीच मिटले तर विसर्जित फर्मच्या हिशेबाचा दावा लावा. फर्म रजिस्टर नसल्यामुळे दावाच चालत नाही असे तुम्हाला सांगितले जाईल. महाराष्ट्राने १९८४ मध्ये कलम ६९ ला जोडलेल्या २अ या पोटकलमात तशी आडकाठी होतीही, पण सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम २००९ साली व्ही. सुब्रमण्यम खटल्यात घटनाबाह्य ठरवले. संपलेल्या फर्मच्या हिशेबाला नोंदणीची अट आड येत नाही. मुदत विसर्जनापासून तीन वर्षे. तुमच्या बाबतीत ती दिवाळीतल्या त्या मेसेजपासून मोजा, म्हणजे धोका नको.

नव्या कार्डाबद्दल. घ्यायला हरकत नाही, पण हे देणे मिटल्यावर. आता तुम्ही एकल मालक आहात. फर्मचा पॅन, जीएसटी नंबर आणि उद्यम नोंदणी तुम्हाला चालणार नाही. स्वतःच्या पॅनवर नवी घ्या. एकल मालकीत धंदा आणि माणूस कायद्याने एकच, त्यामुळे कार्डावर दुकानाचे नाव छापले तरी देणे तुमच्या घरापर्यंत येते. सिबिल सावरेपर्यंत मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड पुरेसे आहे. पावडर, केमिकल यांची बिले नव्या जीएसटी नंबरवरच घ्या, नाहीतर पैसे कोणत्याही कार्डाने भरले तरी खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळणार नाही. घरचा किराणा या कार्डावर नको. वर्षात दहा लाखांवर कार्डाची बिले भरलीत तर बँक ते आयकर खात्याला कळवते, तेव्हा उलाढालीशी मेळ बसला पाहिजे. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख उचलण्याच्या भानगडीत पडू नका.

टेम्पोवाल्याला डिझेलसाठी किंवा सुपरवायझरला अ‍ॅड-ऑन देणार असाल तर त्याची वेगळी मर्यादा ठेवा, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार अ‍ॅपवरून बंद करा. खर्चाला कोण जबाबदार ते बँकेच्या अर्जात लिहिलेले असते, ती ओळ वाचून सही करा. माणूस काम सोडेल त्या दिवशी शेवटचा पगार देण्याआधी कार्ड ब्लॉक करून बँकेला ईमेल पाठवा आणि त्या ईमेलची प्रिंट त्याच्या फाइलला लावा.