लोकांनी धर्म बघून मत दिलं, म्हणून निवडणूक रद्द होते का?

प्रश्न : उत्तर कोकणातल्या एका सर्वसाधारण मतदारसंघातून माझा धाकटा भाऊ विधानसभेला उभा होता. आम्ही मराठी ख्रिस्ती. तो १,९६४ मतांनी पडला. त्याचा निवडणूक प्रतिनिधी मीच होतो. मतदानाच्या तीन दिवस आधी, रात्री, आमच्या आणि शेजारच्या वस्तीत पत्रकं टाकली गेली : 'मत फक्त आपल्या धर्माच्या माणसाला. हा निवडून आला तर बाटवाबाटवी सुरू होईल.' खाली ना छापखान्याचं नाव, ना प्रकाशकाचं. पत्रकं टाकणाऱ्या तिघांपैकी एक जण मतदानाच्या दिवशी विजयी उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बूथवर बसला होता. शिवाय विजयी उमेदवाराने अर्ज भरला त्याच्या आदल्या संध्याकाळी एका देवस्थानाच्या सभागृहात स्वतः असंच आवाहन केलं, त्याची क्लिप आमच्याकडे आहे. निकाल लागून १६ दिवस झाले. लोकांनी उमेदवाराचा धर्म बघूनच मत दिलं हे उघड आहे, मग निवडणूक रद्द होईल ना? एक गोष्ट लपवत नाही : आमचे मामा फादर आहेत. प्रचारातल्या शेवटच्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनीही 'आपल्या माणसाला विसरू नका' असं सांगितलं होतं. आम्हीच अडकू का?

उत्तर : कायद्याचं नंतर बोलू. आज संध्याकाळच्या आत ज्या इमारतींच्या दारात पत्रकं पडली तिथल्या सोसायट्यांकडे जा आणि सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढून घ्या. डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतली, हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. लहान डिस्क असेल तर पंधरा दिवसांत, मोठी असेल तर महिनाभरात. पत्रकं वाटून तीन आठवडे होत आले, म्हणजे काही ठिकाणी कदाचित ते गेलंही असेल.

आणि रेकॉर्डिंग मोबाइलवर व्हॉट्सअॅपने मागवू नका. तिथे फाइल दाबली जाते, तारीख-वेळेची मूळ माहिती गळते आणि पुढे समोरचा वकील तेवढ्यावरच उलटतपासणी गाजवतो. थेट डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर घ्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र सोबतच तयार करा. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, म्हणजे इथे सोसायटीच्या सेक्रेटरीने. दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारी ओळख-संख्या, फाइल बदलली की तीही बदलते) लिहावी लागते. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, याचा निवाडा झाला तोही निवडणुकीच्याच प्रकरणात आणि आपल्याच राज्यात : जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर प्रमाणपत्राशिवाय अशी प्रत पुराव्यात घेता येत नाही. देवस्थानाच्या सभेची क्लिप ज्याने काढली त्याचा मोबाइलही तसाच राहू द्या. बदलू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नाही. लोकांनी धर्म बघून मत दिलं, एवढ्यावर कुठलीही निवडणूक रद्द होत नाही. मतदाराने कशाच्या आधारावर मत द्यावं हे कायदा विचारत नाही, आणि विचारूही देत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे कुणालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून 'मत कुणाला दिलंस' असं विचारता येत नाही. मग 'का दिलंस' हे तर लांबच. धर्म बघून मत देणं शहाणपणाचं आहे असं माझं म्हणणं नाही. आमदार रस्ता, पाणी, शाळेसाठी निवडायचा असतो. पण मतदाराच्या डोक्यात शिरणारा कायदा त्याहून घातक ठरेल. इंग्रजांच्या काळात १९०९ पासून धर्मवार वेगळे मतदारसंघ होते. घटनेने ते मोडले, आणि अनुच्छेद ३२५ ने धर्मावरून मतदारयादी वेगळी करायला मनाई केली. म्हणजे मतदार सगळ्यांचा एक. उमेदवाराच्या अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रातसुद्धा उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण हे सगळं विचारतात, धर्म विचारत नाहीत.

याला अपवाद आहे तो अनुसूचित जातींसाठी राखीव जागेचा. महाराष्ट्रात विधानसभेच्या अशा २९ जागा आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नाही, त्यामुळे तिथे उमेदवाराचा धर्म थेट पात्रतेत येतो. अनुसूचित जमातींच्या जागांना हे बंधन नाही. तुमच्या भावाची जागा सर्वसाधारण, त्यामुळे हा मुद्दा इथेच सोडू.

कायदा हात धरतो तो मत मागणाऱ्याचा. त्याच १९५१ च्या कायद्याचं कलम १२३(३) : धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने, किंवा उमेदवाराच्या वा निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने दुसऱ्या कुणीही केलं तर ते भ्रष्ट आचरण. धर्म कुणाचा, यावर बरीच वर्षं वाद होता. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून आलेल्या अभिराम सिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने तो मिटवला : उमेदवाराचा, आवाहन करणाऱ्याचा की मतदाराचा, कुणाच्याही धर्माच्या नावाने मत मागणं चालत नाही. तुमच्या पत्रकाला तर जुना अरुंद अर्थही, म्हणजे फक्त उमेदवाराचा धर्म, पुरेसा होता. 'मत फक्त आपल्या धर्माच्या माणसाला' यात आवाहनही उघड आहे आणि आधारही.

उघड असणं का लागतं, हे ११ डिसेंबर १९९५ च्या दोन निकालांवरून कळतं. दोन्ही मुंबईतले, दोन्ही एकाच दिवसाचे. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांत धर्माच्या नावाने मत मागितलं गेलं आणि ते रमेश प्रभू यांच्या संमतीने होतं असं ठरलं, प्रभूंची निवड रद्द झाली. बाळासाहेब उमेदवार नव्हते, तरी त्यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. उलट मनोहर जोशी यांच्या प्रकरणात 'पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल' या धर्तीचं वाक्य ही नुसती आशा आहे, मतांचं आवाहन नाही, म्हणून निवड टिकली. पत्रकातल्या दुसऱ्या ओळीचं हेच दुखणं आहे. 'बाटवाबाटवी सुरू होईल' हे भाकीत झालं, भावाच्या चारित्र्याबद्दलचं खोटं विधान नव्हे, तेव्हा कलम १२३(४) वर भिस्त ठेवू नका. धर्माधर्मांत तेढ वाढवण्याच्या १२३(३क) मध्ये मांडा.

आता जिथे तुमची बाजू लंगडी आहे ते बोलतो.

सभागृहातली क्लिप तुम्हाला सगळ्यात भारी वाटत असेल. निवड रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जी निवडणूक याचिका करावी लागते, तिच्यात ती जवळजवळ निकामी आहे. कलम ७९(ख) प्रमाणे माणूस 'उमेदवार' होतो तो रीतसर अर्ज भरल्यावर. त्याच्या आदल्या संध्याकाळी तो जे बोलला ते उमेदवाराचं आवाहन धरलं जात नाही. पार्श्वभूमी म्हणून ती जोडा, पण तिच्यावर याचिका उभी करू नका.

उरलं पत्रक. तिथे प्रश्न एकच : संमती. कलम १००(१)(ख) खाली विजयी उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, किंवा त्या दोघांपैकी एकाच्या संमतीने वागणारा माणूस दोषी ठरला तर निवड थेट रद्द. निकालावर परिणाम झाला हे दाखवायची गरज नाही. पण संमती सिद्ध झाली नाही, आणि पत्रक टाकणारा फक्त 'प्रतिनिधी' एवढाच ठरला, तर १००(१)(घ)(२) लागतं आणि तिथे निकाल बदलला हे दाखवावं लागतं. १,९६४ मतांचा फरक पत्रकामुळेच पडला हे कसं दाखवणार? मतदाराला विचारता येत नाही, हे वर आलंच. मतदान प्रतिनिधी कायद्याने 'प्रतिनिधी' आहे खरा, पण त्याची नेमणूक नमुना १० वर होते, आणि तो कागद पत्रक वाटल्यानंतरच्या तारखेचा असेल तर समोरून आक्षेप येणार. म्हणून दोन्ही पोटकलमं मांडा, जोर पहिल्यावर ठेवा.

संमतीचा पुरावा कुठून येईल? विजयी उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. एक रुपया शुल्क भरून तो कुणालाही बघता येतो. म्हणजे अजून साधारण १४ दिवसांनी. त्यात पत्रकाच्या छपाईची नोंद, त्याच छापखान्याची दुसरी बिलं, त्या तिघांपैकी कुणाला दिलेले पैसे किंवा वाहनाचा परवाना दिसला तर तुमची बाजू उभी राहते. सभा-मिरवणुकांच्या परवानगीचे अर्जही मागवा. कुणाच्या सहीने केलेत ते बघा. भरारी आणि व्हिडिओ पथकांनी केलेलं चित्रीकरण लागणार असेल तर जतन करण्याचा लेखी अर्ज आजच द्या. आयोगाच्या मे २०२५ च्या सूचनेनुसार याचिका दाखल झाली नाही तर ते ४५ दिवसांनंतर ठेवलं जात नाही.

छापखान्याचं नाव नसणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम १२७क. छापणाऱ्याने प्रकाशकाचं दोन साक्षीदारांसह सही केलेलं घोषणापत्र घ्यायचं आणि पत्रकाच्या प्रतीसह प्रशासनाकडे पाठवायचं असतं. हाताने लिहून काढलेली नक्कल सोडली तर झेरॉक्ससुद्धा 'छपाई'तच मोडते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ, पण पोलिसांनी छापखाना शोधला तर पत्रकं कुणी छापून घेतली हे कळतं, आणि तुम्हाला तेच हवंय. म्हणून पोलीस ठाण्यात कलम १२५ आणि १२७क खाली तक्रार द्या. १२५ मध्ये शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. मात्र एफआयआरने आमदारकी जात नाही. त्यासाठी याचिकाच.

मामांचं. त्यांनी जे केलं ते त्या पत्रकाच्याच जातकुळीचं आहे. अल्पसंख्याकांना १२३(३) मधून सूट नाही, आणि धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा कायदा देवस्थानाच्या विश्वस्तांना लागतो तसा चर्चलाही. पण याचिकेत त्याचा फटका बसणार की नाही हे तुम्ही काय मागता त्यावर ठरतं. फक्त 'समोरच्याची निवड रद्द करा' असं मागितलंत तर तुमचं वागणं हा त्यांचा बचाव होऊ शकत नाही. 'आणि माझ्या भावाला विजयी घोषित करा' असं पुढे जोडलंत, की कलम ९७ खाली त्यांना प्रत्यारोप करायचा दरवाजा उघडतो, आणि मिस्सेनंतरचं ते वाक्य कोर्टात येतं. तेव्हा दुसरी मागणी करू नका. तसाही ती मान्य होण्याइतका आकड्यांचा पुरावा तुमच्याकडे नाही. मामांच्या भाषणाची काही क्लिप असेल तर डिलीटही करू नका आणि आता फिरवूही नका.

मुदत ४५ दिवस, निकाल जाहीर झाला त्या तारखेपासून. उशीर माफ होत नाही, मुदत कायद्याचं कलम ५ इथे चालत नाही. उरले २९. चाळिसाव्या दिवशी दाखल झालीच पाहिजे असं धरून चाला, कारण पंचेचाळिसाव्या दिवशी आक्षेप निघाला तर दुरुस्तीला वेळ नसतो. याचिका मुंबई उच्च न्यायालयात. याचिकाकर्ता भाऊ किंवा त्या मतदारसंघातला कुणीही मतदार असू शकतो, म्हणजे तुमचं नाव यादीत असेल तर तुम्हीही. कलम ११७ ची दोन हजार रुपयांची सुरक्षा ठेव दाखल करतानाच भरायची. खर्च त्यात भागेल असं समजू नका, तो वकिलांचा असतो. कायदा सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा म्हणतो, पण अभिराम सिंग यांचं १९९० चं प्रकरण २०१७ पर्यंत चाललं, आमदारकीची मुदत केव्हाच संपली होती. तेवढी तयारी असेल तरच पाऊल टाका.

याचिकेत पत्रकाचा मजकूर शब्दशः मराठीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर द्या. प्रत्येक वाटपाची तारीख, वेळ, इमारत, कुणी टाकलं, कुणी पाहिलं, हे नाव-पत्त्यासह लिहा. 'वस्तीत सर्वत्र वाटलं' अशा वाक्यांवर याचिका पहिल्याच पायरीवर फेकल्या जातात. भ्रष्ट आचरणाच्या आरोपांसाठी नमुना २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात कुठला परिच्छेद स्वतःच्या माहितीने आणि कुठला ऐकीव, हे वेगवेगळं लिहायचं. ज्या ज्या उमेदवारावर आरोप आहे तो प्रतिवादी हवाच. आणि जितके प्रतिवादी तितक्या प्रती काढून प्रत्येक प्रतीवर 'मूळ याचिकेची खरी प्रत' असं लिहून याचिकाकर्त्याने स्वतः सही करायची. भाऊ याचिकाकर्ता असेल तर तिथे वकिलाची किंवा तुमची सही चालणार नाही, त्या दिवशी तो सहीला हजर हवा.