पासपोर्टातले 'लेट' आणि भुसावळची लेट गाडी

चाळीसगावच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले आहे की, त्याच्या नव्या पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापली आहे, तिच्यात धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे असे म्हटले आहे; लेट म्हणजे तर 'करू देणे', मग 'परवानगीविना आणि अडथळ्याविना जाऊ द्या' असे विचित्र वाक्य सरकारने कसे छापले? त्याची दुसरी शंका अशी की हिंडर, इम्पीड, ऑब्स्ट्रक्ट, रिस्ट्रेन, डिटेन या साऱ्यांपुढे शब्दकोशात 'अडवणे' किंवा 'अडथळा आणणे' एवढेच सापडते, तर त्यांतला फरक ओळखायचा कसा?

पहिल्या शंकेचे उत्तर असे की ही एकसारखी दिसणारी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. जुन्या इंग्रजीत 'लॅटन' म्हणजे सोडणे, होऊ देणे, आणि 'लेट्टन' म्हणजे अडवणे, खोळंबवणे. काळाच्या ओघात दोहोंचे रूप झिजून एकच झाले आणि एकाच शब्दाला परस्परविरोधी दोन अर्थ येऊन चिकटले. शेक्सपिअरच्या काळी अडवण्याचा अर्थ चांगला वापरात होता. पित्याच्या भुतामागे निघालेला हॅम्लेट मित्रांना दरडावतो की मला जो 'लेट' करील त्याचेच मी भूत करीन, आणि तिथे 'जो मला जाऊ देईल' असा अर्थ घेतला तर सगळा प्रसंगच हास्यास्पद होतो. पुढे परवानगीच्या लेटने बाजी मारली आणि अडवणुकीचा लेट कायद्याच्या भाषेत आणि खेळाच्या मैदानावर तेवढा उरला. स्क्वॉशमध्ये प्रतिस्पर्धी वाटेत आल्याने फटका मारता आला नाही, तर पंच 'लेट' देतात आणि तो गुण पुन्हा खेळला जातो, तो हाच.

यातली खरी गंमत मात्र आपल्या लिपीत दिसते. हा लेट आणि 'उशिरा' या अर्थाचा लेट इंग्रजीत वेगळे लिहिले जातात, पण ते एकाच घरातले आहेत, कारण 'लेट्टन' म्हणजे मुळात मंद करणे, उशीर करवणे. भुसावळच्या फलाटावर कोणी 'गाडी लेट शे का?' असे अहिराणीत विचारतो, तेव्हा तो पासपोर्टातल्या शब्दाच्या सख्ख्या भावंडाचे नाव घेत असतो, आणि देवनागरीने दोघांना नकळत एकच कपडा चढवलेला असतो. त्याच फलाटावर डिटेनही भेटतो. गाडी वेळापत्रकाच्या मागे धावत असेल तर ती लेट, आणि पुढचा मार्ग मोकळा नाही म्हणून स्टेशनाबाहेरच्या 'आउटर' सिग्नलला थांबवून ठेवली असेल तर ती डिटेन झालेली असते. डिटेनमधला 'टेन' म्हणजे धरणे, आणि म्हणून त्यात धरून ठेवणारा कोणीतरी नेहमी असतो, मग तो सिग्नल असो, पोलीस असो किंवा हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू न देणारे महाविद्यालय असो.

दुसऱ्या शंकेसाठी शब्दकोशापेक्षा गोठा अधिक कामाचा आहे, असे माझे मत आहे. इम्पीडच्या पोटात लॅटिनमधला पाय आहे. त्याचा मूळ अर्थ पाय बांधणे, आणि त्याच्या उलट एक्स्पिडाइट म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणे. आपल्याकडे फारसीतून आलेला 'पायबंद' तंतोतंत हेच सांगतो, इतकेच नव्हे तर लॅटिन 'पेद', फारसी 'पा' आणि संस्कृत 'पाद' ही एकाच मुळाची रूपे आहेत. ओढाळ गुराच्या गळ्यात जे लोढणे अडकवतात, तेही याच जातीचे: गुरू चालू शकते, पण धावू लागले की लाकूड गुडघ्यांवर आपटते आणि ते आपणच मंदावते. इम्पीडमध्ये गती घटते, वाट बंद होत नाही.

ऑब्स्ट्रक्टमध्ये मात्र वाटच बंद होते, कारण त्याचा धात्वर्थ समोर ढीग रचणे असा आहे. कन्स्ट्रक्टमधली रचना ती हीच. बांधाच्या वादातून शेजाऱ्याने गाडीवाटेवर बोरी-बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या, की ते ऑब्स्ट्रक्शन झाले, मग बैल कितीही धडधाकट असोत.

रिस्ट्रेनमध्ये वाट मोकळी आणि पायही मोकळे असतात, आवळलेले असते ते भलतेच. कपाशीच्या कोळपणीला बैलांच्या तोंडाला मुसके बांधतात. बैल दिवसभर पिकाच्या ओळींमधून तासाने चालतो, काम चोख करतो, फक्त वाटेतल्या पिकाला तोंड लावू शकत नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आवळून मागे खेचणे असाच होता, आणि म्हणून राग, खर्च, जीभ यांच्याबाबत हा शब्द आला तर 'अडवणे' न लिहिता 'आवरणे' किंवा 'वेसण घालणे' लिहावे. कायद्यात मात्र हा शब्द फसवतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मधील 'राँगफुल रिस्ट्रेंट' म्हणजे ज्या दिशेने जाण्याचा एखाद्याला हक्क आहे तिकडे त्याला जाऊ न देणे, म्हणजे वरचे बोरी-बाभळीचे प्रकरण.

हिंडर हा यांतला सर्वांत सैल शब्द. त्याचे नाते 'बिहाइंड'शी, अर्थात मागे ठेवण्याशी आहे, आणि तिथे 'अडथळा' बिनधास्त चालतो. डिलेबाबत इंग्रजीपेक्षा मराठीच नेमकी आहे, कारण दिरंगाई म्हटले की दोष करणाऱ्याकडे जातो, खोळंबा म्हटले की ताटकळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि विलंब म्हटले की कोणालाच काही लागत नाही, म्हणून सरकारी पत्रांत विलंबच असतो.

पासपोर्टच्या त्याच मजकुराचे हिंदी रूपही तिथे छापलेले असते आणि त्यात 'बिना रोक-टोक' असे शब्द आहेत. लेट आणि हिंड्रन्स हे एकाच अर्थाचे दोन शब्द कायद्याच्या सवयीने जोडीने आले आहेत. रोकटोकीत तसे नाही. रोकणे म्हणजे थांबवणे, आणि टोकणे म्हणजे निघालेल्याला मध्येच हटकणे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्याला कोणी 'कोठे जाई ऱ्हायना रे?' असे विचारले, की आमच्याकडच्या म्हाताऱ्या आजही विचारणाऱ्यावर डाफरतात. त्याने कोणाला अडवलेले नसते, फक्त टोकलेले असते.