युरियाचा धूर दिसत कसा नाही?

प्रश्न: गव्हाला युरिया टाकला की हवेत गॅस जातो म्हणतात, पण शेतात धूर तर कुठं दिसत नाही. खरंच एवढं होतं का?

उत्तर: होतं हो. पिकानं न उचललेल्या नत्रावर मातीतले जिवाणू ताव मारतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, ना रंग ना धूर, पण 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा. ढोबळ गणित बघा, 100 किलो युरियात 46 किलो नत्र, त्यातलं साधारण 1 टक्का असं उडतं, ऑक्सिजन धरून हा गॅस सुमारे पाऊण किलो भरतो, म्हणजे जवळपास 200 किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप, कारखान्यात युरिया बनवताना लागलेला नैसर्गिक वायू वेगळाच! सगळं खत एकदम फेकून वर भरमसाट पाणी सोडलं की चिखलात हे आणखी वाढतं. युरिया बंद मात्र करू नका, उतारा घटेल. माती तपासून दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या.