२०२४ मधले माझे आवडते अल्बम आणि ते सापडले कसे

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: २०२४ मध्ये आलेल्या अल्बमपैकी आवडते कोणते, आणि गाण्यांचं ॲप तेच तेच ऐकवत असेल तर नवं संगीत आणायचं कुठून. माझ्यापुरतं दोन्हींचं उत्तर एकच आहे. एखादं गाणं आवडलं की त्यात वाजवलंय कोणी, शब्द कोणाचे, ध्वनिमुद्रण कुठं झालं हे मी बघते आणि त्यातलं एखादं नाव धरून पुढं जाते. कॅसेटच्या आत घडी घातलेला कागद असायचा ना, बारीक अक्षरात तबला कोण, हार्मोनियम कोण हे छापलेला? सवय तिथली आहे. कागद गेला, सवय राहिली.

त्या वर्षातला माझा सगळ्यात लाडका अल्बम म्हणजे अरूज आफताबचा ‘नाइट रेन’. ३१ मे २०२४ ला आला. ही लाहोरमध्ये वाढलेली, बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकलेली, आणि आता न्यूयॉर्कमध्ये राहणारी गायिका. गाते बहुतेक उर्दूत, पण आपल्या कानाला सवय असलेली गझलेची बैठक इथं नाही. पियानो, व्हायब्राफोन, डबल बेस आणि सुरांच्या मधे भरपूर मोकळी जागा. आवाज खालच्या पट्टीत, कुठंही घाई नाही, आणि तानांची आतषबाजी तर अजिबात नाही.

यातल्या ‘ना गुल’ आणि ‘साक़ी’चे शब्द कोणाचे म्हणून बघायला गेले, तर निघाली माह लक़ा बाई चंदा! १७६८ ते १८२४ हा तिचा काळ. हैदराबादला निजामाच्या दरबारातली गायिका आणि कवयित्री. उर्दूत स्वतःचा दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. मौला अलीच्या टेकडीपाशी तिची कबर आहे, तिनं आपल्या आईसाठी बांधलेल्या मकबऱ्याच्या आवारात. तिच्या दिवाणाची एक प्रत तिनं १७९९ मध्ये जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली होती, ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हाच माल्कम पुढं मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची. एका गाण्याच्या तळटिपेतून मी न्यूयॉर्कहून निघून महाबळेश्वरला पोचले होते. शिफारशीची कोणतीही यंत्रणा हा रस्ता दाखवणार नाही.

‘साक़ी’मधला पियानो विजय अय्यरचा. त्याचं नाव धरलं की मागं २०२३ चा ‘लव्ह इन एक्झाइल’ मिळतो, अय्यर, आफताब आणि शहजाद इस्माइली या तिघांचा. आणि पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला अय्यरचा स्वतःचा ‘कम्पॅशन’, त्यात लिंडा मे हान ओ डबल बेसवर आणि टायशॉन सोरी ड्रमवर. ‘कम्पॅशन’ पहिल्या ऐकण्यात फारसं काही हाती लागू देत नाही. स्वयंपाक करताना लावायचा अल्बम तो नव्हेच. रात्री, हेडफोन लावून, दुसरं काही न करता.

अय्यरचं नाव मला पुन्हा दिसलं ते गनव्या या गायिकेच्या ‘डॉटर ऑफ अ टेम्पल’वर. हा नोव्हेंबर २०२४ चा. गनव्या जन्मली न्यूयॉर्कमध्ये, वाढली तमिळनाडूत आणि लहानपणी हरिकथा शिकली. इथं आपण कान टवकारायला हवेत. भोसल्यांच्या तंजावरात मराठी कीर्तनकार जाऊन राहिले, गाजले. त्यांचं ऐकून एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेचं रूप बसवलं. त्या हरिकथेत दिंडी, ओवी, अभंग अजूनही आहेत. तेव्हा ‘हे परक्यांचं संगीत, आपल्याला काय कळणार’ असं या अल्बमबद्दल तरी मराठी माणसानं म्हणू नये.

तीसहून अधिक कलाकारांना तिनं ह्यूस्टनमध्ये एकत्र बोलावलं आणि त्या मेळ्यातून हा अल्बम झाला. जॉन कोल्ट्रेन आणि ॲलिस कोल्ट्रेन या जॅझमधल्या जोडप्याच्या रचना त्यात सत्संगासारख्या म्हटल्या आहेत, समूहानं, मधेच कोणी बोलतंय, कोणी थांबलंय. काही जागा उगाच लांबल्या आहेत, संपादकाची कात्री थोडी फिरायला हवी होती. तरीही मला तो जवळचा वाटतो, कारण भजनी मंडळातही सगळं सुरात नसतंच आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

याच अल्बमवर शबाका हचिंग्ज आहे. लंडनचा हा गडी सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध, आणि २०२३ संपताना त्यानं सॅक्सोफोन चक्क बाजूला ठेवला. जपानी शाकुहाची आणि इतर बासऱ्या हातात घेतल्या. एप्रिल २०२४ मधला त्याचा अल्बम न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत मुद्रित झाला, जिथं जॉन कोल्ट्रेननं डिसेंबर १९६४ मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम केला होता. ज्या वाद्यानं नाव मिळालं ते सोडून शिकाऊ म्हणून पुन्हा उभं राहायचं, तेही अशा जागी. फुंकरीत मुद्दाम ठेवलेली हवा ऐकू येते. बासरी म्हणजे सफाई अशी आपली अपेक्षा असते, ती आधी सोडावी लागते.

शबाकाच्या अल्बमवर हार्प (उभ्या चौकटीत तारा ताणलेलं मोठं तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांमध्ये ब्रँडी यंगर आहे. आणि जॅझमधला हार्प म्हटलं की वाट ॲलिस कोल्ट्रेनकडंच जाते. तिचा ‘द कार्नेगी हॉल कॉन्सर्ट’ मार्च २०२४ मध्ये निघाला, पण मैफल २१ फेब्रुवारी १९७१ ची. स्वामी सच्चिदानंदांच्या संस्थेच्या मदतीसाठी झालेली. हे स्वामी म्हणजे १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाचं उद्घाटन करणारे. रंगमंचावर दोन बेस, दोन ड्रमर, फरोआ सँडर्स आणि आर्ची शेप असे दोन सॅक्सोफोन, शिवाय तानपुरा आणि पेटी. पहिल्या अर्ध्यात हार्पच्या लाटा, नंतर सगळे सुटतात. अल्बम निघाला तेव्हाच त्रेपन्न वर्षं जुनी असलेली मैफल ‘२०२४ चा आवडता अल्बम’ म्हणून सांगणं नियमात बसतं का? माझ्या यादीत बसतं.

हार्पवरूनच नाला सिनेफ्रो या हार्पवादिकेचा ‘एंडलेसनेस’ मिळाला. सप्टेंबर २०२४. एकच धागा दहा भागांत. साधारण पाऊण तासात संपतो आणि मी तो एका दमातच ऐकते.

एमडू मोक्टारचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ मात्र या साखळीत नव्हता, तो ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं पाठवला. नायजेर देशातला हा तुआरेग गिटारवादक, डावखुरा, पहिली गिटार त्यानं स्वतः बनवली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबली लावून. त्या वाळवंटी पट्ट्यात गाणी बरीच वर्षं मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून आणि ब्लूटूथवरून एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आपल्याकडं एस्टी स्टँडाजवळच्या दुकानात कार्डात गाणी भरून द्यायचे, तसंच काहीसं. अल्बम संतापलेला आहे, फ्रान्सवर आणि आफ्रिकेतल्या नेत्यांवरही. तमाशेक भाषा मला येत नाही, पण गिटार काय म्हणते ते सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानं हीच गाणी साध्या अकूस्टिक गिटारवर पुन्हा काढली. दोन्ही पाठोपाठ ऐका, राग ओसरल्यावर खाली किती दुःख होतं ते दिसतं.

गाजलेल्यांबद्दल थोडक्यात. चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ वर्षभर सगळीकडं होता, कॉलिन्स शब्दकोशानं तर वर्षाचा शब्द म्हणून ‘ब्रॅट’च निवडला. अल्बम चांगला आहे, मी त्या वयाची नाही. बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं, सत्तावीस तुकड्यांपैकी निम्मे ठेवले असते तर मीही आनंदानं दिलं असतं. द क्युअर या इंग्लिश बँडनं सोळा वर्षांनी ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आणला, फक्त आठ गाण्यांचा. पहिल्याच गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि आजच्या पंधरा सेकंदांच्या जगात हा उद्धटपणा मला फार आवडला. स्मिथचे आईवडील आणि भाऊ गेल्यानंतरचा अल्बम आहे. मन ठीक नसेल त्या दिवशी लावू नका.

आता ॲपबद्दल. स्पॉटिफायचं ‘डिस्कव्हर वीकली’ दर सोमवारी तीस गाणी देतं. त्यामागचा एक मोठा भाग असा, की तुमची गाणी ज्यांच्या यादीत आहेत त्यांच्या यादीतली उरलेली गाणी तुमच्याकडं येतात. म्हणजे तुमच्यासारख्याच माणसांच्या घोळक्यात तुम्ही फिरत राहता. भावगीतं ऐकणाऱ्याला आणखी भावगीतं मिळणार, त्यात यंत्राचा दोष नाही. त्याला गोंधळात पाडायचं असेल तर एक अनोळखी अल्बम मुद्दाम शोधून पूर्ण ऐकावा, आवडलेली तीन-चार गाणी जपून ठेवावीत. काही आठवड्यांत सोमवारची यादी हलते.

नावं शोधायला गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांत ‘क्रेडिट्स’ असतात, पण तिथली माहिती बऱ्याचदा अर्धवट. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर अल्बमच्या पानाखाली बहुधा पूर्ण यादी मिळते, आणि जुन्या तबकड्यांसाठी डिस्कॉग्ज या साइटला तोड नाही, कारण ती माहिती रेकॉर्डचं वेड असलेल्या लोकांनीच भरलेली असते. वर्षअखेरीच्या समीक्षकांच्या याद्या मीही वाचते, पण खालून वर. पहिले पाच तर कुठूनही कानावर येतात. चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास कोणीतरी हट्टानं घुसवलेलं नाव असतं, ते बघावं.

तुम्ही जुन्या गझला आणि भावगीतं ऐकता असं लिहिलंय, तेव्हा सुरुवात ‘ना गुल’पासून करा, मग गनव्या, मग सिनेफ्रो. ॲलिस कोल्ट्रेनची मैफल शेवटी ठेवा. तिच्यातला ‘आफ्रिका’ जवळपास अर्ध्या तासाचा आहे, दोन्ही ड्रमर एकदम सुटतात, त्यामुळं फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारची झोपेची वेळ टाळा.