टाइल्स लागायच्या आधी बोर्ड सरकवा

प्रश्न : दादा, आम्ही सिडकोत राहतो, घर जुनं आहे, आता ओटा-टाइल्स सगळं नवीन करतोय. प्लगचा बोर्ड सिंकला अगदी लागून आहे, फ्रिज आणि मिक्सर त्यावरच. भांडी घासता घासता ओला हात फ्रिजच्या दाराला लागला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो एमसीबी आहे, काही होत नाही. राहू देऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अजिबात राहू देऊ नका. झिणझिण्या येतात म्हणजे फ्रिजच्या बॉडीत करंट उतरतोय, त्याला जमिनीत जायला दुसरी वाट नाही म्हणून तुमच्या अंगातून जातोय. आजच बोर्डाचं मेन बंद करून कोरड्या हाताने फ्रिजचा प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरांत बोर्डाला भोकं तीन असतात पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते, मी असे कितीतरी बोर्ड खोललेत, आत फक्त दोन वायरी आणि धूळ. थ्री पिनची मोठी पिन लांब असते ती अर्थिंग आधी जोडलं जावं म्हणून, टू पिनचा कन्व्हर्टर लावला की तीच बाद होते.

एमसीबीचं म्हणाल तर तो लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो. माणसाला शॉक बसतो तेवढ्याशा करंटला तो हलतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच, बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून पडतो का बघा.

बोर्ड सिंकपासून निदान तीन फूट लांब घ्या, ओट्याच्या वर आठ-नऊ इंच, शेगडीच्या मागे नको. इंडक्शन घेणार असाल तर २००० वॉटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात, ६ अँपिअरच्या पॉइंटवर मल्टिपिन लावून चालवलं की प्लास्टिक आधी पिवळं पडतं मग वितळतं, म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट आणि मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर.

टाइल्सवाल्याला दोन दिवस थांबवा पण हे आधी करा, नंतर फोडायला जीवावर येतं. आणि वायरिंगचे पाइप उघडे असताना भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे कपाटासाठी ड्रिल मारताना वायर कुठून गेलीय ते कळेल.