अण्णांच्या स्मरणिकेत काय लिहू?

प्रश्न : आमचे अण्णा गेल्या श्रावणात गेले. 1967 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत, मग तिच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. 1970 ला लग्न. 1984 ला हवालदार म्हणून घरी आले आणि पुढं 22 वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायचीय. दादा म्हणतो, सगळं 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईवर लिहू. पण लढाईबद्दल अण्णा घरात चकार शब्द बोलले नाहीत. मला आठवतात ते रात्रपाळीहून आल्यावर आधी आम्हा तिघांच्या बुटांना पॉलिश करणारे, पै-पैचा हिशेब वहीत लिहिणारे. दादा म्हणतो, "त्यात काय सांगायचंय?"
– एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी माझी फजिती ऐका. माझे वडीलही फौजेत होते, लांगरी. म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. ते गेल्यावर मी चार पानं लिहिली. मराठीचा मास्तर, त्यामुळे 'शत्रूचा कर्दनकाळ' वगैरे सगळं आलं. तेराव्याला त्यांचे पलटणीतले दोस्त आले होते. वाचून त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, ह्ये कुणाबद्दल हाय? तुझा बाप बर्फात दीडशे माणसांस्नी गरम चपाती घालायचा, त्ये कुठं गेलं?" ती पानं मी पुन्हा कुणाला दाखवली नाहीत.

दादांचंही अगदीच चूक नाही. जमालपूर लहान गोष्ट नव्हे. डिसेंबर 1971. जंगी पलटण जमालपूरच्या पाकिस्तानी फौजेच्या पिछाडीला जाऊन टांगाइल गावाकडचा रस्ता अडवून बसली होती. आपल्या ब्रिगेडियरनं शरण येण्याची चिठ्ठी धाडली, तर पाकिस्तानच्या बलूच पलटणीच्या कर्नलकडून उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी आली. 10 तारखेच्या रात्री ती फौज वेढा फोडायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. 11 ला जमालपूर पडलं, 16 ला ढाका. हे अर्ध्या पानात बसतं. त्या रात्री अण्णा नेमके कुठं होते, हे ठाऊक नसेल तर रचू मात्र नका. डिस्चार्ज बुकात तारखा आणि हुद्दे मिळतील. बरोबरीचं कुणी हयात असेल तर फोनवर भागवू नका, घरी जाऊन बसा. फौजी माणूस दुसऱ्या चहाला बोलतो.

आणि आईंना विचारलंत का? लग्नाला वर्ष झालेलं, नवरा लढाईवर. त्या डिसेंबरात पत्र किती दिवसांनी आलं, वाचून कुणी दाखवलं, मनीऑर्डर कुणाच्या हातात पडायची? जमालपूरची ही बाजू पलटणीच्या इतिहासात सापडायची नाही. ती तुमच्या स्वयंपाकघरात बसलीय, आणि तिचंही वय झालंय.

उरलेली पानं बुटांना द्या. ब्रश फौजेतून आणलेला होता का? पॉलिश संपत आलं की डबीत काय करायचे? गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग गेटबाहेर लागायची तेव्हा, रात्रभर उभं राहून आलेला माणूस बसायचा कुठं, ओट्यावर की उंबऱ्यावर? दादांनाच लिहायला लावा हे. त्यांचेही बूट होते त्यात.

हिशेबाच्या वहीचं एक पान आहे तसं छापा, अण्णांच्या अक्षरात. शक्यतो जून महिन्याचं. शाळा सुरू व्हायची तेव्हाचं.